शारजेच्या संघाने मला शाल घातली

मी चौथी शिकलो. पाचवीत बसलो होतो, पण ते बसणंच होतं. त्यामुळे हे लिहिताना कुठे चूक दिसली तर दुरुस्त करत बसू नका, पुढे वाचा. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." मी म्हटलं, नको. तू लिहिशील तर त्यात मी समजूतदार दिसेन.

शारजेच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा लेबर कॅम्प होता. मी शटरिंग कारपेंटर. स्लॅब ओतायच्या आधी खाली जी लाकडी फळ्यांची चौकट लागते, ती बांधणारा. आठवडाभर गुडघ्यावर बसून खिळे ठोकायचे आणि शुक्रवारी कबड्डी खेळायची. कॅम्पच्या मागे एक मोकळा प्लॉट होता. तिथली वाळू आम्ही प्लास्टरच्या चाळणीने चाळून घेतली होती, खडा म्हणून राहू दिला नव्हता. रेषा मारायला साइटवरची जिप्समची पांढरी पावडर. टँकरवाला पठाण आमचा दोस्त होता, तो जाता जाता पाणी मारून जायचा. गुरुवारी संध्याकाळी पाणी मारलं की शुक्रवारी दुपारनंतर वाळू अशी बसायची की पाय रुतत नसे आणि पडलं तरी कातडी जात नसे.

त्या मैदानावर चढाई माझी. म्हणजे सातही गडी चढाई करू शकतात, नियमात तसं आहे. पण मी असताना दुसऱ्याने कशाला करायची, असा सरळ विचार होता आणि तो फक्त माझाच नव्हता. मी दम भरून मध्यरेषा ओलांडली की समोरचे सात जण मागे सरकायचे. माझी खुबी हातात नव्हती, टाचेत होती. परत फिरतो आहे असं दाखवायचं, समोरचा पुढे झेपावला की वळता वळता टाच मागे टाकायची. त्याला लागली की तो बाद, आणि मी रेषेवर परत. नव्वदच्या दशकात शारजा, अजमान, देरा इथल्या मराठी पोरांना विचारा, ती टाच कोणाची म्हणून. आता विचारायला ती पोरं मिळायची नाहीत, तो भाग वेगळा.

खेळाच्या आधी गाऱ्हाणंही मीच घालायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सिंधुदुर्गात कुठलंही काम सुरू करताना एक माणूस देवाला मोठ्याने सगळं सांगतो, आज काय आहे, काय हवं आहे, काय टळू दे. प्रत्येक मागणीनंतर बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालणं सोपं काम नाही. आवाज लागतो, आणि न अडखळता बोलता आलं पाहिजे. संघात सातारचे, सांगलीचे, अलिबागचेही गडी होते, पण "व्हय म्हाराजा" म्हणायला सगळे शिकले होते. इतके, की जेवणाच्या लाइनीत कोणी काही मागितलं तरी मागून "व्हय म्हाराजा" यायचं.

आमचा कॅप्टन माझ्या शेजारच्या गावचा. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. पकड चांगली. खोलीत त्याचा बंक माझ्या वरचा. आणि संघाचा मालक म्हणजे आमचे शेठ. मूळचे ठाण्याचे, दुबईतल्या देरात त्यांचा केटरिंगचा धंदा, बायकोमुलं तिथेच. संघाचे कपडे, पाणी, केळी, सामन्यानंतरची बिर्याणी, सगळं त्यांचं. दुबईतून यायला ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकायचे, पण शुक्रवारी यायचेच. मनाने फार चांगले. फक्त त्यांना कप हवा होता.

कप म्हणजे मराठी मंडळांची हिवाळ्यातली स्पर्धा. लागोपाठ काही वर्षं आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत जायचो आणि तिथे हरायचो. शेठ गाडीत बसेपर्यंत काहीच बोलायचे नाहीत. त्यांचा मुलगा, आठ-नऊ वर्षांचा, तो मात्र बोलायचा. "डॅडी, वी लॉस्ट अगेन," असं म्हणून खिडकीतून बाहेर बघायचा.

दोन हजार सालाच्या आसपास सांगलीकडचा एक गडी कॅम्पात आला. बावीस-तेवीस वर्षांचा, स्टील फिक्सर, म्हणजे स्लॅबच्या सळया बांधणारा, उंच, मांड्या अशा की पँट शिवून घ्यावी लागे. पहिल्याच शुक्रवारी त्याने समोरच्या बाजूने चढाई केली आणि आमचे तीन गडी घेऊन गेला. कॅप्टनला तर त्याने रेषेपर्यंत ओढत नेला. शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मी म्हटलं, "बरा आहे."

कॅप्टन वाळू झटकत म्हणाला, "बरा?"

"दम कमी आहे," मी म्हटलं. आणि खरंच कमी होता. पण त्याला दमाची गरजच पडत नव्हती, तो तुटायच्या आधीच गडी परत येत होता.

पुढे मग दर शुक्रवारी माझ्या दोन चढाया आणि त्याच्या पाच असं व्हायला लागलं. मग माझी एक. माझे गुडघे तेव्हा कुरकुरत होते, खोटं कशाला सांगू. चाळिशी उलटून गेली होती. पण गुडघे कुरकुरणं वेगळं आणि माणूस संपणं वेगळं.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी शेठ, कॅप्टन आणि संघातले आणखी दोघे आमच्या खोलीत आले. शुक्रवार नव्हता. शेठच्या हातात बर्फीचा बॉक्स होता आणि बगलेत एक पिशवी. मी खालच्या बंकवर बसून पायाला मलम चोळत होतो.

"बसा ना," मी म्हटलं. "बर्फी कसली? मुलगी झाली का कोणाला?"

"नाही नाही," शेठ म्हणाले. "सहजच. काका, आज ह्युमिडिटी किती आहे."

"ऑगस्ट आहे."

"हो. ऑगस्टच आहे."

कॅप्टन एसीकडे बघत होता. तो एसी तीन महिने बंद होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी बर्फी खाल्ली. चांगली होती.

मग शेठनी घसा साफ केला. "काका, मी स्पष्टच बोलतो. संघासाठी तुम्ही जे काही केलंत त्याला तोड नाही. पण आता थोडी टीम रिस्ट्रक्चर करायची आहे. यंग ब्लड आणायचंय. तुमचा एक्सपिरियन्स वाया जाऊ नये म्हणून आम्ही तुम्हाला कोच करतोय."

"कोच म्हणजे काय करायचं?"

"मार्गदर्शन. पोरांना सांगायचं, समजवायचं."

"ते मी आताही सांगतोच. कुठून सांगायचं?"

शेठ कॅप्टनकडे बघायला लागले. कॅप्टन म्हणाला, "खुर्ची ठेवतो ना तुमच्यासाठी. सावलीत."

"रेषेच्या बाहेर?"

"बाहेरच लागेल, काका. आत खुर्ची कशी ठेवणार?"

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. एवढ्यात शेठनी पिशवीतून शाल काढली. लोकरीची. आणि नारळ. उभे राहून त्यांनी ती शाल माझ्या खांद्यावर घातली. ऑगस्ट महिना, बंद एसी, आठ माणसांची खोली, आणि मी लोकरीची शाल पांघरून नारळ धरून उभा. बरोबर आलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खोलीतला एक मलबारी दारातून डोकावला आणि म्हणाला, "रिटायर?"

"खलास," मी त्याला म्हटलं.

शेठना वाटलं मी मान्य केलं. त्यांचे डोळे ओले झाले होते. मी शाल घडी करून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "शेठ, ही हिवाळ्यात कोणाला तरी द्या. मला खुर्ची नको. मी चढाई करणारा माणूस. खेळेन तर आत खेळेन."

"पण काका, ठरलंय," कॅप्टन हळूच म्हणाला.

"ठरलंय तर ठरलंय. मी कुठे नाही म्हणतोय? तुम्ही तुमचं ठरवलंत, मी माझं ठरवीन."

त्यानंतर कॅप्टन आठवडाभर वरच्या बंकवर असा चढायचा की जणू मी आजारी आहे. शेवटी मीच म्हटलं, "अरे पाय आपट, नेहमीसारखा. झोप येत नाही मला."

माझं काय ठरलं ते थोड्याच दिवसांत ठरलं. कंपनीला खोर फक्कानला गोदामांचं काम मिळालं होतं. फोरमनने विचारलं कोण जाणार. समुद्र पलीकडचा, शारजेपासून डोंगरांतून जायचं, दुबई लांब, कोणी हात वर करेना. मी केला. फोरमन म्हणाला, "तू? तुझा शुक्रवार?" मी म्हटलं, "यल्ला, नाव लिहा."

खोर फक्कानच्या बंदरावर कंटेनर जहाजं लागायची. त्या कंटेनरांना लोखंडी सळयांनी बांधणं-सोडणं हे काम करणारी पोरं रत्नागिरी-रायगडची होती. लॅशिंगवाले म्हणायचे त्यांना. त्यांचे हात बघितले की माणूस विचारात पडायचा. ही पोरं समुद्रकाठच्या वाळूत कबड्डी खेळायची. पकड अशी की एकदा धरलं की पोलीस आले तरी सोडायची नाहीत. पण चढाईला गेलेला प्रत्येक जण तिकडेच राहायचा, परत यायचाच नाही. गुण मिळणार कुठून?

पहिल्या शुक्रवारी मी काठावर उभा राहून बघितलं. दुसऱ्या शुक्रवारी मी म्हटलं, "मी येऊ?"

त्यांच्यातला एक दाढीवाला, जो सगळ्यांना ओरडायचा, म्हणाला, "काका, लागेल तुम्हाला."

"लागू दे."

मी गेलो आणि टाच टाकून दाढीवाल्यालाच बाद करून आलो. त्याने स्वतःच्या दंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "परत एकदा करा," तो म्हणाला. मी परत केलं. संध्याकाळी त्यांनी मला मासे खाऊ घातले.

त्या हिवाळ्यात खोर फक्कानने पहिल्यांदा स्पर्धेत नाव दिलं. मी कशासाठी खेळत होतो हे उघड होतं. शारजेवाल्यांनी एकदा मला आत बघावं. रेषेच्या आत. जिंकणं पुढची गोष्ट. ज्या मैदानावर मला खुर्ची देत होते तिथे मी पायांवर उभा आहे हे त्यांना दिसलं पाहिजे, आणि खरं म्हणजे मलाही एकदा दिसायला हवं होतं.

पहिल्या फेऱ्या आम्ही कशा काढल्या ते विचारू नका, काढल्या. आणि मग समोर आली शारजा.

मैदान त्याच कॅम्पच्या मागचं. वाळू तीच. देरातून, अजमानहून माणसं आली होती, बायका-मुलं गालिचे टाकून बसली होती, शेठच्या केटरिंगचा वडापाव आणि चहा होता. शेठ मला बघून पुढे आले, दोन्ही हात हातात घेतले. "काका, तब्येत?" त्यांचा मुलगा म्हणाला, "ही इज प्लेइंग फॉर देम?" शेठ म्हणाले, "यस बेटा," आणि पुढे काही समजावत बसले नाहीत.

दोन्ही संघ उभे राहिले. पंच शिट्टी तोंडात धरून थांबले. आणि काही सुरूच होईना. कारण गाऱ्हाणं कोणी घालायचं? शारजेवाल्यांनी एवढा मोठा रिस्ट्रक्चर केला, यंग ब्लड आणलं, नवे बूट आणले, पण गाऱ्हाण्याचा माणूस ठरवलाच नव्हता; आधीच्या फेऱ्यांत समोरच्यांनी घातलं होतं. कॅप्टनने सुरुवात करून पाहिली. "बा देवा म्हाराजा," म्हणाला आणि अडकला. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. तो परत म्हणाला, "बा देवा म्हाराजा." परत "व्हय म्हाराजा." प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं, "देवाला कळलं, आता पुढचं सांग."

कॅप्टन मधली रेषा ओलांडून माझ्याकडे आला. कान लाल झाले होते. "काका, तुमीच घाला मां."

"मी? मी तर समोरचा."

"देवाक समोरचो-पाठचो काय आसता?"

हे बोलणं मला पटलं. देव काही कोणाच्या मंडळाचा मेंबर नाही. मी मधल्या रेषेवर गेलो, चपला काढल्या होत्याच, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां घरदार सोडून पोटासाठी ह्या वाळवंटात इली हत, त्येंका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"दोनय बाजूंच्या गड्यांचे गुडघे, खांदे, घोटे शाबूत ऱ्हवांदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ज्या कोणी आपलो जुनो गडी शाल घालून घराक धाडल्यानी, त्येंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." दोन्ही संघ, प्रेक्षक, पंचसुद्धा. सगळ्यात मोठा आवाज शेठचा. ते ठाण्याचे, मालवणी त्यांना फक्त सुरात कळायची.

"आणि त्येच्या जाग्यार जो नवो आणल्यानी, तो आज माझ्या हातात गावांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात तो नवा गडीही होता. भक्तिभावाने हात जोडून.

एक क्षण गेला आणि मग कॅप्टनच्या डोक्यात प्रकाश पडला. तो तोंडावर हात ठेवून खाली बसला. सिंधुदुर्गची जेवढी माणसं होती तेवढी हसायला लागली, आणि मग ती शेजारच्यांना ‘गावांदे’ म्हणजे सापडू दे, असा अर्थ सांगायला लागली, त्यामुळे हसू मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू गेलं. शेठपर्यंत पोहोचलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी कशाला हो म्हटलं?" नवा गडी मात्र गंभीर. मला म्हणाला, "काका, हे वो काय? आता द्येवालाबी तुमीच सांगून ठिवलंय?"

"तूच तर व्हय म्हणालास."

सामना सुरू झाला. माझी पहिली चढाई. दम भरला, रेषा ओलांडली, आणि सात ओळखीची तोंडं समोर. परत फिरलो, उजवीकडचा झेपावला, टाच टाकली, लागली. गुण. लॅशिंगवाले असे ओरडले की जहाज सुटलंय असं वाटलं. दुसऱ्या चढाईत आणखी एक. तिसऱ्या वेळी मी टाच टाकली ती कॅप्टनच्या दोन्ही हातांत. इतकी वर्षं एका खोलीत राहिलेला माणूस. त्याला माहीत होतं की टाच टाकायच्या आधी माझा डावा खांदा खाली जातो. मला स्वतःला हे माहीत नव्हतं.

"खांदा, काका," तो माझा पाय धरूनच म्हणाला.

"आधी सांगायचं ना."

"आधी आपण एका बाजूला होतो."

त्यानंतर माझी चढाई लागलीच नाही. दर वेळी कॅप्टन तिथे; आमच्या पोरांनी कोणाला धरलं की मी उठून परत आत. दमही तुटायला लागला. पण मी आत होतो, आणि आत असलेल्या माणसाला चढाई नसली तर पकडीला उभं राहावंच लागतं. दाढीवाल्याने मला डाव्या कोपऱ्यात ढकललं. म्हणाला, "इथे उभे राहा, मधे येऊ नका."

नवा गडी आला. आणि तिथे कोपऱ्यात उभं राहून मला एक गंमत कळली. आयुष्यभर मी चढाई केली, त्यामुळे चढाई करणारा कधी घाबरतो हे मला पकडीवाल्यांपेक्षा जास्त माहीत. हात लावताना तो घाबरत नाही. हात लावून झाल्यावर, परत फिरायचं ठरवलेलं असतं आणि पाय अजून फिरलेला नसतो, तेव्हा तो अगदी एकटा असतो. त्याने दाढीवाल्याला हात लावला, आणि तेवढ्यात मी त्याच्या घोट्याशी गेलो. धरला. बाकीचं काम लॅशिंगवाल्यांचं, ते पाच जण त्याच्यावर असे पडले की कंटेनरच बांधला. पंचांनी शिट्टी मारली तरी सोडेनात.

खालून आवाज आला, "काका, गावलो मी. सांगा त्येस्नी आता."

नंतर आणखी एकदा धरला. तिसऱ्या वेळी तो माझ्या बाजूला फिरकलाच नाही, दुसरीकडून गुण घेऊन गेला. हुशार पोरगा. शारजा जिंकली, दोन गुणांनी, आणि पुढे कपही त्यांनीच घेतला. शेठच्या मुलाने तो कप दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला मी पाहिला. बरं वाटलं. एवढी वर्षं ते पोर खिडकीतून बाहेर बघत होतं.

आम्ही निघालो तेव्हा उजेड अजून होता. पिकअपच्या मागे मी, दाढीवाला आणि बाकीचे. कॅप्टन धावत आला. "काका, शेठ म्हणतात परत या. खुर्ची नाही. कोपऱ्यात. मी सांगितलंय त्यांना, मी उजवीकडे जाईन."

त्याने ते मनापासून सांगितलं, हे मला कळत होतं. स्वतःची जागा देत होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तुझा बंक आता खालचा आहे ना? मग झोप आरामात. मी यांच्याबरोबर जातो, यांनी मासे खाऊ घातलेत."

गाडी डोंगराला लागली तसं भांडण सुरू झालं. कोणी कुठे चूक केली, कोणाचा हात सुटला. दाढीवाला मध्येच थांबला आणि माझ्याकडे वळला. ना बर्फी, ना शाल.

"काका, पुढच्या शुक्रवारपासून चढाई बंद तुमची."

"का म्हणून?"

"का म्हणून काय? खांदा पडतो तुमचा. अख्ख्या शारजेला ठाऊक झालंय. आता सगळ्या गल्फला होईल. तुम्ही कोपऱ्यात."

"आणि चढाई कोण करणार? तू?"

"मी करीन नाहीतर हा करील, मरू आम्ही. तुम्ही शिकवा आम्हाला आठवड्यात. पण शुक्रवारी कोपऱ्यात."

मी वाद घातला. वाटेतला मसाफीचा बाजार येईपर्यंत घातला, बाजार गेल्यावरही घातला. खांदा मी सुधारीन, हातावर गुण घेईन, दम अजून आहे, सगळं सांगितलं. ती पोरं ऐकत होती आणि नाही म्हणत होती, तोंडावर, सरळ. कोणी एसीकडे बघत नव्हतं. पिकअपला एसीही नव्हता म्हणा. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे लोक मला काढत नाहीयेत. कुठे उभं करायचं एवढंच ठरवतायत.

"डावा कोपरा मला जमायचा नाही," मी म्हटलं. "आज जमला तो नशिबाने. मला उजवा पाहिजे."

"उजव्यात मी आहे," मागून एकजण म्हणाला.

"मग तू डाव्यात जा."

"मी कशाला जाऊ? मी तिथे दोन वर्षं आहे."

"मी तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"मोठे आहात म्हणून काय झालं, काका, उजवा खेळून मिळवा," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी बघू कोणाला मिळतो."

"बघू," मी म्हटलं, आणि पाय पसरून बसलो.